बिनबुडाचा लुत्रोफोरोस

संग्रहालयातली प्राचीन भांडी जतन करायच्या आमच्या कामात मूळ भांड्यापेक्षा त्याच्या जुन्या डागडुजीवरच जास्त वेळ जातो, हे सांगून कुणाला पटत नाही. एकोणिसाव्या शतकातले कारागीर फटी प्लास्टरने बुजवायचे, रंग फासायचे आणि वरून चपडी लाखेचा हात मारायचे. गिऱ्हाइकाला भांडं अखंड हवं असायचं ना! (ती लाख बहुतेक आपल्याकडूनच गेलेली.)

या वेळी समोर आला लुत्रोफोरोस, पाण्याचं एक ग्रीक भांडं. अथेन्सचा, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला, उंच मानेचा, तीन कानांचा. तिथे वधूच्या न्हाणाचं पाणी कॅलिरोई झऱ्यावरून यातून आणत. तो धरून चालणारी मुलगी म्हणजे करा घेतलेली करवलीच. अंगावर लग्नाची वरात: नवऱ्याने नवरीचा हात नव्हे, मनगट धरलंय, मागे बाई मशाली घेऊन. वस्त्राच्या चुण्यांची काळी रेघ केसाएवढी बारीक, तरी बोटाला जाणवेल इतकी उठलेली. असा हात आज कुणाचा नाही.

अतिनील दिव्याखाली जुनी लाख नारिंगी चमकते. इथे बूड सगळंच नारिंगी! अल्कोहोलचा बोळा फिरवत लाख उतरवली, मग ब्लेडने प्लास्टर कोरत गेले. चकती सुटली. आत तुटकी, खरबरीत कड असणार असं धरून चालले होते. कड होती गुळगुळीत, ओल्या मातीतच बोटाने वळवलेली, आणि काळ्या लेपाचा एक ओघळ तिच्यावरून आत उतरलेला. म्हणजे भट्टीत गेला तेव्हाही याला बूड नव्हतं.

बिनबुडाचे लुत्रोफोरोस थडग्यासाठी करत. लग्नाआधी गेलेल्यांना हे भांडं द्यायची रीत होती. वरून ओतलेलं थेट मातीत जायचं. खरोखर लग्नात वापरलेले वेगळे. अथेन्समधल्या अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर निम्फी या लग्नाच्या देवीच्या स्थानात नवविवाहिता ते वाहत, त्यांचे तुकडे ढिगांनी सापडलेत.

आमच्या क्युरेटरसाहेबांना मात्र लग्नाच्या दालनासाठी लग्नाचंच भांडं हवंय. ‘लोकांचा गोंधळ होईल, बूड परत बसवा.’ लोकांना ते जरा कमीच लेखतात. चकती मी नोंद करून डबीत ठेवली आणि भांड्याला खालून ॲक्रिलिकचं कडं केलं, भोक दिसेल असं. पाटीवरून ‘लग्न’ काढा असं माझं म्हणणंच नाही. चित्र लग्नाचंच आहे. शेजारी ‘थडगं’ एवढा एक शब्द हवाय. त्याला म्हणे शब्दमर्यादा आड येते. प्रायोजकांच्या नावांना दोन ओळी आहेत.