२५ नोव्हेंबर
आज सकाळी इंदोऱ्यात शेजारचे सुभेदारकाका अंगणात एक फोटो समोर ठेवून झेंडूचा हार ओवत बसले होते. "ये बाबू, आज मेजरसाहेबांचा दिवस."

मेजर रामास्वामी परमेश्वरन, महार रेजिमेंटची ८वी बटालियन. जन्म मुंबईचा. १९८७ साली याच दिवशी श्रीलंकेत, भारतीय शांतिसेनेतून लढताना, छातीत गोळी लागली असतानाही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच टिपलं. शेवटच्या श्वासापर्यंत हुकूम देत राहिले. वय ४१. मरणोत्तर परमवीरचक्र.

परमवीर म्हटलं की आपल्याला कारगिल आठवतं. श्रीलंका कोणाच्याच तोंडी नसते, याचं फार वाईट वाटतं.

काकाही महार रेजिमेंटचे. हात थरथरत होते, सुईत दोरा जाईना, पण मला हात लावू दिला नाही. "परक्या मातीत गेले रे," एवढंच बोलले अन् बाहीनं फोटोची काच पुसली. दोनदा.