आमची वाटचाल : आधी बघा, साउंड कार्ड कोणी धरून ठेवलंय

लातूरला रेल्वेनं पाणी आलं ना २०१६ ला, त्याच साली आमी गंजगोलाईच्या जवळ दुकान टाकलं. लोकं म्हणायले की इथं प्यायला पाणी नाही अन् ह्याला रेकॉर्डिंगचं सुचायलंय. कॉम्प्युटर रिपेअरिंगचा बोर्ड होता पण गिऱ्हाईक कोण, तर कीर्तनं रेकॉर्ड करणारे, क्लासेसवाले (लातूरात त्यांना काय तोटा), अन् निवडणूक आली की रिक्षावर वाजवायची अनाउन्समेंट करून घेणारे. सगळ्यांकडं जुन्या मशीनी, विंडोजचं लायसन घ्यायची कोणाचीच तयारी नाही, अन् चोरीचं टाकून द्यायचं नाही हे आमी पहिल्यापासून ठरवलेलं. म्हणून मग विंडोजच्या जागी उबुंटू नाहीतर मिंट, म्हणजे फुकटचं लिनक्स, त्यावर रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी, अन् जरा मोठं काम असलं की आर्डोर.

मशीनी द्यायला सुरुवात केली अन् फोन यायला लागले. एक महाराज होते औश्याकडचे, त्यांचा फोन म्हणजे ठरलेला, "अरे बाबा, लाल बटण दाबलं की तुझं ते हेडफोनचं चित्र गायबच होतंय बघ." म्हणलं महाराज, आणखी काय चालू हाय? तर ब्राउझरमधी अभंग चालू. आता ह्यात ऑडॅसिटी वाईट असं मी म्हणणार नाही, बहुतेक वेळा ते बिचारं मधल्या मधी मरतं.

लिनक्समधी आवाज कसा जातो ते गिऱ्हाईकाला सांगायला मी विहिरीचं सांगतो. सामाईक विहीर हाय, ती म्हणजे अल्सा. अल्सा कर्नलमधीच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतं, २००३ च्या २.६ कर्नलपासून. हार्डवेअर डिव्हाइस डायरेक्ट उघडलं की बहुतेक कार्डावर एका वेळी एकाचीच मोटर बसते, दुसरा आला की त्याला डिव्हाइस बिझी. मग पाळ्या लावून द्यायला वर पल्सऑडिओ आलं, उबुंटूत २००८ च्या ८.०४ पासून. अन् ज्यांना सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशोब लागतो त्या स्टुडिओवाल्यांसाठी जॅक, जे पॉल डेव्हिस यांनी लिहिलं, आर्डोर पण त्यांचंच. आता एकाच विहिरीवर दोन पाळीवाले म्हणल्यावर भांडण होणारच की. जॅक चालू केलं की ब्राउझर मुका, ब्राउझरनं आवाज धरला की जॅक चालूच होईना, अन् ह्या दोघांच्या मधी जे सॉफ्टवेअर सापडलं ते लटकतं नाहीतर सरळ बंद पडतं.

ह्यावर गावातली पद्धत एकच, फॉरमॅट मारा. आमचा धंदा खरं तर ह्याच्या उलट गेल्यामुळं वाढला. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं तरी तुमची सेटिंग होम फोल्डरमधी तशीच राहती, त्यात जुनं डिव्हाइस लिहिलेलं असतं, म्हणून परत टाकूनबी तेच रडगाणं. सगळं होम उडवलं तर चालतं कधी कधी, पण मग मागच्या सप्त्याचं रेकॉर्डिंगबी त्याच्यासोबत जातं ते वेगळंच.

आमी काय करतो, पहिलं ते सॉफ्टवेअर टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून चालू करतो. आयकॉनवर क्लिक केलं की एरर दिसत नाही, टर्मिनलमधी शेवटच्या दोन-चार ओळी सगळं बोलून जातात. मग फ्युजर कमांड साउंडच्या डिव्हाइस फाइलींवर, कार्ड कोण धरून बसलंय ते नावासकट दिसतं. त्यानंतर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा. स्वस्तातले काही यूएसबी माइक फक्त ४८,००० घेतात, प्रोजेक्ट ४४,१०० वर असला अन् डिव्हाइस डायरेक्ट हार्डवेअरचं निवडलं की उघडतच नाही, मधी पल्सऑडिओ असलं की तेच रूपांतर करून देतं. आमच्याकडं पॉलिटेक्निक झालेली एक पोरगी हाय, ती आता माझ्यापेक्षा लवकर पकडती. अन् खरंच क्रॅश असलं तर ती जीडीबी (प्रोग्राम तपासायचं टूल) लावून बॅकट्रेस काढती, म्हणजे प्रोग्राम नेमका कुठं पडला त्याची यादी. त्यात वरच्या ओळीत एखाद्या प्लगइनच्या (आवाजाला इफेक्ट द्यायला वरून जोडलेल्या तुकड्याच्या) फाइलीचं नाव आलं की बहुतेक साउंड सिस्टीमचा संबंध नसतो, कारण प्लगइन त्याच प्रोग्रामच्या आत चालतं, ते पडलं की पूर्ण घर घेऊन पडतं. रिव्हर्बवाले (आवाज घुमवणारे) फुकटचे प्लगइन गोळा करायची लोकांना लई हौस.

बफरचं, म्हणजे एका वेळी किती सॅम्पलचा घास घ्यायचा त्याचं, तर विचारूच नका. इंटरनेटवर कोणीतरी सांगतो १२८ ठेवा, मग हे १२८ ठेवतात. ४८,००० वर १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद, जुनं ड्युअल कोर मशीन तेवढ्यात कुठून आवाज तयार करून देणार, मग एक्सरन (वेळेत आवाज पोचला नाही), चट्-चट् आवाज, अन् प्रोग्राम लईच मागं राहिला तर जॅक त्याला बाहेर काढतं. गिऱ्हाईक म्हणतो आर्डोर क्रॅश झालं. १,०२४ ठेवा, २१ मिलिसेकंद होतात, प्रवचन रेकॉर्ड करायला काय फरक पडतो सांगा? गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमधी कॉम्प्युटरमधून परत ऐकायचा असलं तरच कमी करा. अन् युजरला ऑडिओ ग्रुपमधी टाकून रिअलटाइमची (आवाजाचं काम सगळ्यात आधी करायची) परवानगी द्या, लॉगआउट करून परत या, नाहीतर ती लागू होत नाही.

अंबाजोगाईच्या एका क्लासचं प्रकरण मात्र वेगळंच निघालं. तिथं रेकॉर्डिंग रोज संध्याकाळीच बंद पडायचं. सगळं तपासलं, सेटिंग बरोबर. शेवटी डीमेसेज, म्हणजे कर्नलची नोंदवही बघितली तर यूएसबी डिस्कनेक्ट, परत कनेक्ट. लाइट जायची, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर जायचा पण यूएसबी हबचा अडॅप्टर दुसऱ्याच बोर्डावर, त्याला बॅकअप नाही. इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) एक क्षण गेला की सॉफ्टवेअर गेलेल्या डिव्हाइसला हाका मारत बसायचं. अडॅप्टर इकडचा तिकडं लावला, झालं. बिल किती लावावं तेच कळंना.

मग पाइपवायर आलं, आवाजाच्या पाळ्या लावणारं नवीन सॉफ्टवेअर. विम टेमन्स यांनी सुरू केलेलं, फेडोरा ३४ मधी २०२१ ला आवाजासाठी डिफॉल्ट झालं, उबुंटूत २२.१० पासून. हे पल्सऑडिओवाल्या प्रोग्रामला पल्सऑडिओ वाटतं अन् जॅकवाल्याला जॅक, म्हणजे दोन पाळीवाल्यांचं काम एकाकडंच. मला विचाराल तर लिनक्सवर आवाजाचं एवढं चांगलं काम आधी झालं नव्हतं. आमाला वाटलं आता फोन कमी होतील. झाले पण, फक्त अपग्रेडच्या दिवसात वाढतात, कारण जुन्या मशीनवर कोणीतरी यूट्यूब बघून कधीकाळी हातानं टाकलेलं जॅक तसंच चालू असतं, पल्सऑडिओची जुनी सर्व्हिसबी, अन् नवीनबी. जुन्या दोन्ही बंद करायच्या, मग पीडब्ल्यू-टॉप (पाइपवायरचंच बघायचं टूल) उघडून कोण किती वेळ खातंय ते बघायचं.

आता आमचं वार्षिक कॉन्ट्रॅक्ट असतं, त्यात एकच अट, सप्त्यांच्या सीझनमधी अन् परीक्षांच्या आधी अपग्रेडचं बटण दाबायचं नाही. उदगीरच्या एका गिऱ्हाईकानं तरीबी मागच्या आठवड्यात दाबलंय, पोरगी आता रिमोटवर त्याच्याच मशीनमधी हाय.