बारा ओळी आणि एक चौसष्ट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा शाळेतून फोन आला आणि त्याच संध्याकाळी मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. नववीची गणिताची पक्की वही तिच्यात आहे, हे मला ठाऊक होतं. स्नेहसंमेलनं, येऊरची सहल, प्रयोगशाळेतला वास यांबद्दल बाकीचे लिहितीलच. मी फक्त सरांबद्दल लिहिणार आहे. सर म्हणजे कोणते, हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागत नाही.

शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास. सरांनी खडू मोडून अर्धा हातात घेतला आणि फळ्यावर लिहिलं: १९३७०७७२१. त्याखाली ७६१८३८२५७२८७. "गुणाकार करा," एवढंच म्हणाले. नऊ अंकी गुण्य, बारा अंकी गुणक. म्हणजे बारा ओळी, १०८ छोटे गुणाकार आणि त्यांचे हातचे. दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक फुली, तिसरीच्या दोन, असं करत बाराव्या ओळीला अकरा फुल्या. चौकडीची वही आडवी धरली तेव्हा कुठे सगळं मावलं. घंटा झाली तेव्हा माझ्या पाचच ओळी झाल्या होत्या. उरलेल्या सात मी रविवारी तलावपाळीजवळच्या आमच्या चाळीत, खिडकीत बसून पुऱ्या केल्या. मग नवाचा ताळा केला, म्हणजे प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करून उत्तर पडताळलं. मोठी फुली काढली. गुण्याचा एक, गुणकाचा एक, दोघांच्या गुणाकाराचा एक, उत्तराचाही एक. चारही कोपऱ्यांत एक बघून मला काय वाटलं, ते आजही आठवतं.

सोमवारी मी सगळ्यांत आधी वही घेऊन टेबलाजवळ गेले. सरांनी नवाच्या ताळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी अकराचा ताळा केला: एककापासून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, शेवटी अकराने भागून बाकी बघायची. सहा उरायला हवे होते. उरले दोन.

"कच्ची वही आण."

कच्च्या वहीत उत्तर बरोबर होतं: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. पक्क्या वहीत उतरवताना मधल्या ६४ चे ४६ झाले होते. अंकांची बेरीज तीच, म्हणून नवाच्या ताळ्याला ते कळलंच नाही. सरांनी लाल पेनाने ४६ भोवती गोल केला आणि विचारलं, "उतरवताना तोंडाने काय म्हणालीस?"

"चौसष्ट, सर."

"बघ. तोंडात चौ आधी आला, म्हणून हाताने चार आधी लिहिले. तुझी चूक गणिताची नाही, कानाची आहे. मोठी संख्या उतरवताना एकेक अंक म्हणायचा. सहा. चार."

आमच्या गुणाकारात सत्तर चुका निघत, पण चूक कुठून आली याचा माग काढणारे मला तरी ते एकटेच भेटले. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टऐवजी 'साठ तीन' अशी वाचनाची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला. मला त्रेसष्ट हवंच आहे, ती आपली भाषा आहे. पण ही अडचण खरी आहे, हे आमच्या सरांनी त्याच्या कितीतरी आधी एका मुलीच्या वहीत दाखवून दिलं होतं.

त्या दोन संख्या कुठल्या, हे त्यांनी नंतर सांगितलं. दोनचा सदुसष्टावा घात वजा एक ही मूळ संख्या आहे असं मर्सेन या फ्रेंच गणितज्ञाने १६४४ साली म्हटलं होतं. १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत फ्रँक कोल उठले, फळ्यावर तो घात काढला, शेजारी हाच गुणाकार मांडला, दोन्ही उत्तरं जुळली, म्हणजे ती मूळ संख्या नव्हतीच, आणि एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले, असं सांगतात. सरांनी हे सांगितलं तेव्हा वर्ग चिडीचूप होता. कोलांच्याच ओळी आम्ही मांडल्या होत्या!

आज मी रोज ट्रान्सहार्बरच्या लोकलने ऐरोलीला जाते. माहिती सांकेतिक करण्याचं आमचं काम. त्यासाठी वापरतात ती २०४८ बिटांची, म्हणजे शून्य-एकच्या २०४८ अंकांची, किल्ली ही आपल्या नेहमीच्या अंकांत ६१७ अंकी संख्या, सुमारे तीनशे अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार. शाळेच्या पद्धतीने केला तर नव्वद हजारांच्या आसपास छोटे गुणाकार होतात. याहून कमीत भागेल असं कोल्मोगोरोव्हसारख्या गणितज्ञालाही वाटत नव्हतं. १९६० साली मॉस्कोत २३ वर्षांच्या कारात्सुबाने वाट काढली. माझ्या टीममध्ये नवीन मूल आलं की मी त्याला ती ६४ गुणिले ४६ वर शिकवते. सहा चोक चोवीस, चार सक चोवीस. मग दोन्ही संख्यांच्या अंकांच्या बेरजा, दहा आणि दहा, त्यांचे शंभर. त्यातून दोन्ही चोवीस वजा केले की मधले बावन्न. २४००, ५२० आणि २४ मिळून २९४४. चारच्या जागी तीनच गुणाकार. हेच उदाहरण का, असं कुणी विचारलं की मी सरांचं नाव सांगते.

हे सगळं सरांना दाखवायचं राहून गेलं. नोकरी लागल्यावर दोनदा त्यांच्या जिन्यापर्यंत गेले आणि परत आले, पुढच्या वेळी काहीतरी मोठं करून येऊ म्हणून. आता सर नाहीत.

समारंभाला ती वही मी घेऊन येणार आहे. आमच्या 'ब' तुकडीतल्या कुणाकडे त्या शनिवारची वही राहिली असेल, तर तीही आणा. नववीच्या वर्गात जुना काळा फळा अजून आहे असं ऐकते. बारा ओळी त्यावर पुन्हा मांडू. उत्तर मी उतरवेन, एकेक अंक म्हणत.