मागच्या रांगेतली

जेवून आडवं व्हावं आणि टीव्हीवर जुनी गाणी लागलेली असावीत, यासारखं दुपारचं सुख नाही. पण माझी नजर हिरोइनवर ठरतच नाही, थेट मागच्या रांगेत जाते. तिथे एक मुलगी असतेच. सगळ्यांचे हात खाली आले की हिचा वर जातो, आणि चेहऱ्यावर ‘जेवायची सुट्टी कधी होतेय’ एवढाच भाव. मला तीच आवडते.

ही खोड आजीची. चाळीत टीव्ही एकाच घरी. छायागीताला अख्खा मजला तिथे लोटायचा, दारात चपलांचा ढीग. हिरो डोंगरावर गायला लागला की आजी हमखास विचारायची, “पण पेटीवाला कुठे बसलाय गं?” सगळे तिला गप्प करायचे. ‘मेरे सपनों की रानी’ लागलं की तिला जास्तच चेव यायचा. “तो मेला जीपमधून घसा फोडतोय, आणि ही गाडीत पुस्तकात डोकं घालून! आहेत तरी का दोघं एका ठिकाणी?”

नव्हतेच. राजेश खन्ना दार्जिलिंगला होता, आणि शर्मिला टागोर सत्यजित राय यांच्या चित्रपटात अडकलेली, म्हणून तिचे शॉट नंतर स्टुडिओत घेतले. हे मी पुष्कळ उशिरा वाचलं. आजी असती तर म्हणाली असती, मग मी काय सांगत होते!

अशी माहिती कळली की गाणं नासतं म्हणतात. माझं उलटं होतं. हिरोचे केस संथपणे उडताहेत पण ओठ मात्र शब्दाला बरोब्बर जुळताहेत, अशी गाणी असतात ना? त्यासाठी सेटवर गाणं दुप्पट वेगाने लावतात आणि कॅमेराही तेवढाच जोरात पळवतात. म्हणजे पडद्यावर जो विरहाने विरघळतोय, तो प्रत्यक्षात कार्टूनसारख्या चिरक्या आवाजावर भराभर तोंड हलवत उभा होता. हे कळल्यापासून विरहगीतं मी जास्त आवडीने बघते.

‘छैय्यां छैय्यां’मध्ये निलगिरीच्या गाडीच्या टपावर मलायका अरोरा नाचते, तिच्या कमरेला दोर बांधलेला होता. तो दिसतो का म्हणून मी डोळे फाडफाडून पाहिलं. नाही दिसत. दलेर मेहंदीची तर गोष्टच निराळी. त्याची गाणी व्हिडिओतल्या सुंदर पोरींमुळे चालतात असं लोक म्हणायला लागले, तेव्हा १९९८ साली त्याने ‘तुनक तुनक तुन’मध्ये पोरीच काढून टाकल्या आणि चार रंगांच्या कपड्यांत चारही जागी स्वतःच उभा राहिला. मागची रांगही तोच! असा बाणेदार माणूस विरळा.

पण माझा सगळ्यात लाडका लक्ष्मी नारायण. ‘मुघल-ए-आझम’मधल्या (१९६०) शीशमहालात अनारकली नाचते, त्यातल्या अवघड गिरक्या मधुबालाच्या नाहीत, या पुरुष नर्तकाच्या आहेत. शिल्पकार बी. आर. खेडकरांनी मधुबालाच्या चेहऱ्याचा मुखवटा केला, तो चढवून हा नाचला. हजारो आरशांत तोच फिरतोय, आणि अख्खा देश ‘काय दिसते!’ म्हणून सुस्कारे टाकतोय. घरी संध्याकाळी त्याला कुणी विचारलं असेल, आज काय केलंस?

परवा भाचीला गच्चीवर रील करायचं होतं. पंधरा सेकंदांच्या नाचासाठी अख्खी दुपार. मोबाइल धरायचं काम माझ्याकडे, आणि “मावशी, मध्ये बोलू नकोस, आवाज येतो” ही ताकीद. मागे शेजारच्या काकूंचे परकर वाळत होते, ते फ्रेममध्ये यायला लागले म्हणून मला त्यांच्याकडे पिटाळलं.

काकू म्हणाल्या, “कशाला काढायचे?”

म्हटलं, “शूटिंग आहे.”

परकर त्यांनी काही काढले नाहीत. आत गेल्या, केस विंचरून, पावडर लावून आल्या आणि दोरीशेजारी उभ्या राहिल्या.