मॉरिशसला पहिला माल पाठवताना

बडोद्यात पंपाची कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्यांना तोटा नाही. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) दगड भिरकावला तर तो एखाद्या पॅनेलवाल्याच्याच पत्र्यावर पडेल. म्हणून बाहेर गिऱ्हाईक शोधायला लागलो. मॉरिशसवर नजर गेली ती सीईसीपीए या भारत-मॉरिशस व्यापार करारामुळे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेला हा करार आफ्रिकेतल्या देशाशी आपला पहिलाच, आणि त्यात आपल्या ३१० वस्तूंना तिकडे जकातीत सवलत.

मला वाटलं होतं, तिकडचे आयातदार जकातीवर आणि भावावर बोलतील. पण बोलणं नळावर यायचं. पाऊस भरपूर पडतो, तरी जुन्या पाइपांतून निम्म्याहून अधिक पाणी वाटेतच गळतं. म्हणून घरोघरी टाकी आणि पंप. मार्च २०२५ मध्ये १०० किलोमीटर पाइपलाइन बदलायला भारताने अर्थसाहाय्य द्यायचं ठरलं, त्यावरही त्यांचा सूर ‘होईल तेव्हा खरं’ असाच. माझ्या धंद्याला हे बरंच होतं म्हणा!

पोर्ट लुईतल्या एका आयातदारांचे पूर्वज कोकणातून गेलेले. मराठी मोडकंतोडकं, पण मला ‘भाऊ’ म्हणायचे. मी त्यांना काका. सरकारी शाळा आणि दवाखाना फुकट, विद्यार्थ्यांना नि म्हाताऱ्यांना २००५ पासून बस फुकट, हे ते अभिमानाने सांगत. मग लगेच हिशोबावर येत: लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, त्यात म्हातारे वाढतायत, कारखान्यांत कामाला बांगलादेशातून माणसं आणावी लागतात, खाण्यापिण्याच्या बहुतेक वस्तू बाहेरून येतात. सरकारवर कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या घरात. २०२५ च्या बजेटमध्ये पेन्शनचं वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ करायचं ठरलं, तेव्हा लोक चिडले. काका म्हणाले, “दुकानदार म्हणून मला पटलं. घरी मात्र बोलायची सोय नाही.”

ऑर्डर अडली ती स्क्रूवर. त्यांनी एका जुन्या पॅनेलचा फोटो पाठवला. दाराचे चारही स्क्रू गंजून फुगलेले, एकाचं डोकंच गळालेलं. समुद्राची हवा. आमच्याकडे झिंक प्लेटिंगचे स्क्रू चालतात, त्यांना एसएस ३१६ म्हणजे खाऱ्या हवेत टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे हवे होते, डबा आयपी ६५ चा म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारा, आणि केबलची भोकं फक्त खालून. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ चक्रीवादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या, त्यामुळे पॅनेल भिंतीवर उंच बसवता यावं असा ब्रॅकेटही. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा बडोद्यातल्या किती मोटारी आणि पॅनेल बाद झाली ते आम्ही पाहिलंय.

कागदपत्रांची लोक उगाच धास्ती घेतात. आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक) होता, जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) भरलं, बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा क्रमांक) कस्टममध्ये नोंदवला. जपायचं ते सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनला, म्हणजे माल भारतातच बनल्याच्या दाखल्याला; जकातीची सवलत त्यावरच मिळते. आधी आपला एचएसएन कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) सवलतीच्या यादीत आहे का ते बघायचं. मग कॉस्ट शीट: कोणता भाग इथला, कोणता बाहेरचा. माझे काही कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज चालू-बंद करणारे स्विच) आयात केलेले, त्यांची बिलं सप्लायरकडून काढून घेताना दमछाक झाली. दाखल्याचा अर्ज मात्र डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर बसल्या जागी होतो. कस्टम एजंट एकच गोष्ट घोकत होता, “भाई, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि सर्टिफिकेट, तिन्हीकडे मालाचं वर्णन अक्षरशः सारखं ठेवा.”

कंटेनरभर माल नव्हता, म्हणून न्हावा शेवा बंदरातून एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमधून, पाठवला. तारीख ठरवताना काकांनी बजावलं, गणेश चतुर्थीला आमच्याकडे सरकारी सुट्टी असते, त्याआधी सोडवून घेऊ. जहाज उशिरा लागलं. पॅनेल गोदामात पोचली तोवर त्यांच्या गणपतीचं विसर्जन झालं होतं, पण बाकी पैसे ठरल्याप्रमाणे आले.