पडक्या गावात कोण राहायला जातं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. 'ड्वार्फ फॉर्ट्रेस' हा संगणकावरचा खेळ; तो आधी एक अख्खं जग आणि त्याचा इतिहास घडवतो. त्यात मोड, म्हणजे खेळाच्या फाइलींत आपले बदल, करणारं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच: "दादा, मी नवी जमात घातली, पण ती ओसाड शहरांकडे फिरकतच नाही. असं का?"

एंटिटीची, म्हणजे खेळातल्या जमातींची, फाइल उघडा. साधी मजकुराची फाइल आहे, चौकटी कंसांतल्या ओळींची. 'डिफॉल्ट साइट टाइप' म्हणजे ती मंडळी मुख्यतः काय बांधतात. त्याखाली 'लाइक्स साइट' आणि 'टॉलरेट्स साइट'. स्थलांतर करणारे बहुतेक जण 'लाइक्स'मधल्या (आवडत्या) प्रकारच्या जागी जातात, थोडे 'टॉलरेट्स'मधल्या (चालणाऱ्या). ड्वार्फना, म्हणजे खेळातल्या बुटक्यांना, डोंगरात कोरलेला गड आवडतो, माणसांचं शहर चालतं. तुमच्या जमातीला शहर चालतं असं कुठे लिहिलेलंच नसेल, तर घरं कितीही रिकामी असोत, त्यांच्या लेखी ती जागा राहण्याची नाहीच. ओळ घातल्यावर जग नव्याने घडवावं लागतं. जुन्या जगाचा इतिहास घडून गेलेला असतो.

मी पुण्यातल्या कसब्यात राहतो, म्हणून मला हे मनापासून पटतं. 1630च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला, वर पहार ठोकली. मुठेला पाणी होतं, जमीन काळीभोर होती, तरी गाव ओस राहिलं. इथे राहायचं नाही, असं त्या पहारेनं सांगितलं होतं. पुढे जिजाऊसाहेब बाल शिवबांना घेऊन आल्या, सोन्याचा नांगर फिरला असं परंपरा सांगते, कसबा गणपतीचं देऊळ उभं राहिलं. मग माणसं परतली. कुणीतरी आधी म्हणावं लागतं, इथे राहिलेलं चालेल.

म्हणून लेजंड्समध्ये, म्हणजे खेळातल्या जगाचा इतिहास वाचायच्या भागात, एखाद्या जागेचं पान वाचताना मी लढायांवरून भरभर पुढे जातो. गोब्लिनांनी गड पाडला, ठीक. माझी नजर शोधते ती पुढची ओळ: अमुक साली अमुक टोळीने ते अवशेष पुन्हा वसवले. कधी ती चाळीस वर्षांनी येते. कधी येतच नाही, आणि त्या पानावर मी जरा जास्तच थांबतो.

तर फाइलमध्ये 'टॉलरेट्स साइट'ची ती ओळ घाला, नवं जग घडवा आणि तुमच्या पडक्या शहराचं पान उघडा. वसलं असेल, तर कितव्या वर्षी ते मला कळवा.