लेव्हल ५ का ८?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, तसा हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच, कारण मुंबईच्या दमट हवेत कपाटातल्या कॅसेटींवर पांढरी बुरशी दिसायला लागते आणि मग लोकांना सगळं घाईघाईने कॉम्प्युटरवर घ्यायचं असतं. प्रश्न ठरलेला, फ्लॅक (आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान करणारा प्रकार) करताना लेव्हल ५ ठेवू का ८, ८ ने आवाज चांगला येतो ना?

नाही येत हो. आणि ० ने खराबही होत नाही. ० ते ८ काहीही ठेवा, वाजवताना मूळ वेव्हमधलाच (वेव्ह म्हणजे न दाबलेली फाइल, आवाज आकड्यांच्या रांगेत लिहिलेला) आकडा न् आकडा बाहेर पडतो. एमपीथ्रीत १२८ आणि ३२० बघायची, आकडा मोठा तर आवाज चांगला अशी सवय लागलीय ना, तिथे घोळ होतो. इथे लेव्हल म्हणजे पुढचा आकडा काय असेल याचा अंदाज बांधायला प्रोग्रॅमने किती डोकं खाजवायचं एवढंच. अंदाज जेवढा जवळ तेवढी उरलेली चूक लहान, आणि फाइलीत जागा खाते ती मुख्यतः ही चूक.

परळला आमच्या चाळीतल्या भजनी मंडळाची एक कॅसेट होती, तिची अर्ध्या तासाची एक बाजू वेव्हमध्ये ३१८ एमबीच्या आसपास झाली. ५ वरून ८ वर गेलो तर वाचले जेमतेम दोन एमबी, म्हणजे व्हॉट्सॅपवरचे चार गुड मॉर्निंग. कारण टेपची खरखर. खरखरीचा अंदाज कुठलीच लेव्हल बांधू शकत नाही. मग लक्षात आलं की रेकॉर्डिंग मुळात मोनो, म्हणजे एकाच चॅनलचं आहे आणि डेक (कॅसेट वाजवायचं यंत्र) मला दोन चॅनलची दोन वेगळी खरखर देतोय, दोन्ही मिसळून एक चॅनल केला तेव्हा फाइल जवळपास निम्मी झाली!

मी स्वतः ८ ठेवतो, रात्री लावून झोपायचं, लॅपटॉप काय करतो ते करू दे. लॅपटॉप म्हातारा असेल तर ५, तीच डिफॉल्ट आहे. वाजवताना फोनला फरक जाणवत नाही (मंकीज ऑडिओ या फ्लॅकसारख्याच दुसऱ्या प्रकारात जाणवतो, तिथे जेवढं जास्त दाबाल तेवढं उघडायलाही जड, म्हणून त्या वाटेला मी जात नाही). फ्लॅकच्या आत मूळ आवाजाचा एमडी५, म्हणजे पडताळणीचा ठसा असतो, त्यामुळे झाल्यावर टेस्ट मारायची, फाइल कुठे बिघडली असेल तर लगेच कळतं.

फक्त माझी चूक ती टेस्ट पकडत नाही. त्या भजनाला मी गेन (रेकॉर्ड करतानाची आवाजाची पातळी) जास्त ठेवला होता, पखवाजाची प्रत्येक थाप फाटलीय आणि ८ लेव्हलने ती फाटलेली थाप अगदी जशीच्या तशी जपलीय. परत घ्यावं म्हणून कॅसेट काढली तर टेप चिकटून बसलेली.